जमिनीकडे तोंड करून

कोरोंदच्या वरच्या रानात, बीचच्या झाडांच्या खोडांवर
घोड्याच्या टापेसारखं काहीतरी चिकटलेलं असतं,
राखी, टणक, वळ्यावळ्यांचं.
आपण कुत्र्याची छत्री म्हणून
पुढे गेलो असतो.
आंब्रुश थांबतो.
त्याचा बापही इथंच थांबायचा,
विळा असाच कमरेला,
आणि आधी झाडाला हात,
परक्याच्या दाराची कडी वाजवावी तसा.

घरी आणून वरची पाठ सोलायची,
खालची चाळणी खरवडून टाकायची.
मधे उरतो बोटभर जाडीचा, हरणाच्या रंगाचा गाभा.
त्याचा काप भिजवायचा, मग ओढायचा.
न ओढल्यासारखा ओढायचा, चारी दिशांनी.
तळहाताएवढा असतो, बघता बघता परातीएवढा होतो.
कुठं फाटणार ते फाटायच्या आधी अंगठ्याला कळतं.
कसं कळतं, हे आंब्रुशला विचारू नका.
तो म्हणेल, अंगठ्यालाच विचारा.

मग लाकडी डोक्यावर चढवली की टोपी.
हिला टाका नाही.
पूर्वी याच गाभ्यात लोक ठिणगी झेलून ठेवायचे,
न्हावी चिमूटभर लावून गालावरचं रक्त थांबवायचा.
आता पर्यटक टोपी घालतात, फोटो काढतात,
परत ठेवतात.

आंब्रुशची मुलगी बोर्बाला क्लुजच्या प्रयोगशाळेत असते.
आईनं जन्मभर जी पावावरून खरवडून फेकली
ती बुरशी वाढवायचा तिला पगार मिळतो.
ट्रेमध्ये मक्याचा भुसा, अंधार, जराशी ऊब,
आणि नवव्या दिवशी
दुधावर साय धरावी तशी पांढरी कातडी.
बुटांसाठी, पिशव्यांसाठी, एकाही गाईचं काही न घेता.
कंपन्यांची माणसं येतात, चुरगाळून बघतात, वास घेतात,
चामड्यासारखंच आहे म्हणतात,
आणि चामड्यापेक्षा स्वस्त कधी होईल, विचारतात.

ऑक्टोबरात आंब्रुशच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.
नाताळला बोर्बाला आली तेव्हा
हात मांडीवर पडलेला,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
तिनं आपला तुकडा त्याच्यापुढे ठेवला.
त्यानं डाव्या हातानं उचलला,
एक टोक दातांत धरलं, ओढला.
फाटला.

"काय खातं हे?" शब्द अजून जड होते.
"मक्याचा भुसा."
"किती दिवस?"
"नऊ."
आंब्रुश तोंडाच्या एका बाजूनं हसला.
"नऊ दिवसांचं पोर,
आणि मी त्याला दात लावतोय."

बर्फ वितळल्यावर शेजाऱ्याच्या ट्रॉलीतून
तिनं त्याला वर नेलं.
एक जुना बीच आडवा पडला होता,
दोन-तीन हिवाळे झाले असतील.
त्याच्यावरचं आळंबं झाडाबरोबरच कुशीवर झालेलं,
भिंतच पडल्यावर खुंटीनं काय करावं तसं.
पण त्याच्याच अंगातून, काटकोनात,
नवा थर फुटला होता,
पुन्हा जमिनीकडे तोंड करून.
झाड कधी पडलं ती रेघ स्पष्ट दिसत होती.

आंब्रुशनं डावा हात त्या कोपऱ्यावर ठेवला. बराच वेळ.
"हे नको काढू," म्हणाला.
मग दुसऱ्यासाठी विळा मागितला.

आता त्याच्या टेबलाला एक लोखंडी चिमटा बसवलाय.
एक टोक चिमट्यात, एक डाव्या मुठीत,
आणि मधे, फाटणार तिथं,
सुट्टीच्या दिवशी बोर्बालाचा अंगठा.
आज तिच्यामुळे दोन काप वाया गेले.
तो ओरडला नाही. तिसरा भिजत घातला.

क्लुजला परतल्यावर तिनं
ट्रेवरच्या चिठ्ठीवरचा नऊ खोडला.
शेजारी दुसरा आकडा
अजून लिहिलेला नाही.